ठिणगीचा माग

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि वेळेवर पडणारी ठिणगी. पहिल्या दोन गोष्टींचा निदान अंदाज घेता येतो. पेट्रोलचा वास येतो, हवेचा आवाज ऐकू येतो. ठिणगी मात्र लोखंडाच्या बंद पोकळीत क्षणभर चमकते आणि नाहीशी होते. ती पडलीच नाही, अशक्त पडली किंवा चुकीच्या वेळी पडली, तर टाकी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

जुन्या मोटारी हौसेने सांभाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना त्यामुळे 'व्हिंटेज' असा वेगळा दर्जा मिळाला. मूळ रूप जपायचे म्हणजे ठिणगी पाडणारी जुनी यंत्रणाही जपायची. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर आणि प्लग ही ती मंडळी. यातली बरीचशी नावे नव्या गाड्यांच्या मेकॅनिकच्या तोंडून आता क्वचितच ऐकू येतात.

पण ही यंत्रणा एखाद्या दिवशी एका माणसाच्या डोक्यातून निघालेली नाही. तिचा प्रत्येक भाग म्हणजे आधीच्या कोणत्या तरी बिघाडावर शोधलेला उपाय आहे. कोणता भाग कशासाठी आला हे कळले, की तो बिघडल्यावर काय होईल हेही कळते. म्हणून बिघाड शोधण्याआधी थोडे मागे जाऊ या.

आधी ठिणगी, मग ज्योत

विजेच्या ठिणगीने वायू पेटवण्याची कल्पना मोटारीपेक्षा शंभरेक वर्षांनी जुनी आहे. इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७७ च्या सुमारास 'विजेचे पिस्तूल' बनवले. भांड्यात ज्वलनशील वायू आणि हवा भरायची, तोंडाला बूच लावायचे आणि आत ठिणगी पाडायची. स्फोट होऊन बूच दूर उडत असे. बुचाच्या जागी दट्ट्या आहे असे समजा, म्हणजे इंजिनाची मूळ कल्पना तयार होते.

१८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लन्वार यांनी दिवाबत्तीच्या गॅसवर चालणारे इंजिन बनवले आणि ते विजेच्या ठिणगीने पेटवले. ठिणगीसाठी त्यांनी रुमकॉर्फ कॉइल वापरली. तिच्यामागे मायकेल फॅरेडे यांचा १८३१ चा शोध होता. एका कुंतलातील विद्युतप्रवाह बदलला की शेजारच्या कुंतलात क्षणभर विद्युतदाब निर्माण होतो, हा तो शोध. यातला 'बदलला' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रवाह संथपणे वाहत असेल तर शेजारी काहीच घडत नाही. तो जोडताना आणि तोडतानाच सुई हलते. पहिल्या कुंतलाला थोडे वेढे आणि दुसऱ्याला हजारो वेढे दिले, की काही व्होल्टच्या बॅटरीपासून हजारो व्होल्ट मिळवता येतात. मात्र प्रवाह सतत जोडत-तोडत राहावा लागतो.

हे काम एक कंप पावणारी पट्टी करीत असे. शाळेतील विजेची घंटा आठवा. विद्युतचुंबक पट्टी ओढतो, पट्टी ओढली जाताच प्रवाह तुटतो, चुंबक सोडतो, पट्टी परत येते आणि प्रवाह पुन्हा सुरू होतो. कॉइलच्या तोंडाशी हाच खेळ चाले.

तरीही विजेवर विश्वास ठेवायला इंजिने बनवणारे तयार नव्हते. बॅटऱ्या लवकर दुबळ्या होत, विद्युतरोधके खराब होत. १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी आपले प्रसिद्ध चार धावांचे इंजिन बनवले, तेव्हा त्यांनी ज्योत पसंत केली. एक सरकती झडप जळत्या ज्योतीचा अंश इंजिनात नेऊन सोडत असे. इंजिन मिनिटाला जेमतेम दीड-दोनशे फेरे घेत होते, तोपर्यंत हे जमले. वेग वाढल्यावर झडपेला तेवढी घाई जमेना.

गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी यावर तापल्या नळीचा उपाय काढला. एका टोकाला बंद असलेली धातूची नळी बाहेरून बर्नरने लाल होईपर्यंत तापवायची. दट्ट्याने मिश्रण दाबले की ते नळीत शिरून पेट घेई. यामुळे इंजिनाला मिनिटाला सहाशेहून अधिक फेरे घेता येऊ लागले. पण मिश्रण केव्हा पेटणार हे नळी ठरवत असे, चालक नव्हे. शिवाय पेट्रोलच्या टाकीजवळ उघडी ज्योत बाळगत रस्त्याने फिरायचे आणि वाऱ्याने ती विझली की खाली उतरायचे!

बेर्टा बेंझ यांचा प्रवास

कार्ल बेंझ यांनी विजेची वाट सोडली नाही. २९ जानेवारी १८८६ रोजी त्यांनी पेटंटसाठी नोंदवलेल्या तीनचाकी गाडीत बॅटरी, कंपकाची कॉइल आणि प्लग होता. मोटार बनवताना आलेल्या सर्व अडचणींत त्यांना प्रज्वलनाची अडचण सर्वांत बिकट वाटत असे.

ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा या दोन मुलग्यांना घेऊन मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला आपल्या माहेरी निघाल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर होते. मोटारीने इतका लांबचा प्रवास त्यापूर्वी कोणी केलेला नव्हता. वाटेत व्हिसलोख गावी औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. पुढे प्रज्वलनाच्या तारेचे आवरण घासून गेले, तेव्हा पायमोज्याचा पट्टा गुंडाळून त्यांनी ती तार झाकली.

ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण शिक्षकांनी तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. गाडी थांबली आहे. कारण इंधनात असेल किंवा विजेत असेल. एकदा ते नळीत निघाले, एकदा तारेत. दोन्ही वेळा गाडीची बाह्य लक्षणे बरीचशी सारखीच असणार. लक्षणावरून कारणापर्यंत पोचण्याचे हे काम पुढची शंभर वर्षे प्रत्येक मोटारचालकाच्या वाट्याला येणार होते.

बॅटरी की चुंबक?

बॅटरीचा भरवसा नव्हता, कारण गाडीत ती पुन्हा भरण्याची सोय नव्हती. ती संपली की प्रवास संपला. मग इंजिनाच्या फिरण्यातूनच वीज का मिळवू नये? चुंबकाच्या क्षेत्रात कुंतल फिरवून वीज निर्माण करणाऱ्या साधनाला मॅग्नेटो म्हणतात. श्टुटगार्टमधील रॉबर्ट बॉश यांच्या छोट्या कार्यशाळेत १८८७ साली स्थिर इंजिनासाठी असा एक मॅग्नेटो बनला. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, फ्रेडरिक सिम्स यांनी एक द दियाँ-बुताँ तीनचाकी त्यांच्याकडे पाठवली. तिचे इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांपर्यंत जाई आणि तोवरचे मॅग्नेटो त्या वेगाला पुरे पडत नव्हते. जड कुंतल मागेपुढे हलवण्याऐवजी त्याच्याभोवती एक हलकी नळी हलवण्याची युक्ती कार्यशाळेतील आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी काढली आणि अडचण सुटली.

मात्र ही ठिणगी कमी दाबाची होती. ती पडण्यासाठी सिलिंडरच्या आत दोन संपर्क एकमेकांपासून यांत्रिकपणे दूर करावे लागत. आगीच्या खाईत हलते भाग ठेवणे आले, म्हणजे झीजही आली. १९०२ साली बॉश यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी एकाच गाभ्यावर कमी आणि अधिक वेढ्यांचे दोन कुंतल बसवून थेट उच्च दाब देणारा मॅग्नेटो तयार केला. आता सिलिंडरच्या आत हलते असे काही उरले नाही. राहिला फक्त प्लग आणि त्याच्या दोन टोकांमधली स्थिर फट.

हेन्री फोर्ड यांच्या 'मॉडेल टी'ने (१९०८ ते १९२७) दोन्ही वाटा एकत्र केल्या. इंजिनाच्या गतिपालक चाकावर बसवलेले चुंबक वीज पुरवीत आणि लाकडी पेटीतील चार कंपक-कॉइली ती चार सिलिंडरांना देत. ठिणगीची वेळ चालक स्वतः सुकाणूजवळच्या दांडीने ठरवी. हँडल मारताना ही दांडी मागे घ्यायला विसरले, तर ठिणगी लवकर पडून इंजिन उलटा झटका देई. त्या झटक्याने अनेकांची मनगटे मोडली.

मॅग्नेटोचे दुखणे वेगळे होते. त्याची ठिणगी वेगाबरोबर जोर धरते. सुरुवातीला, म्हणजे हँडल मारताना इंजिन संथ फिरते आणि नेमकी तेव्हाच ठिणगी दुबळी असते. बॅटरीचे उलट आहे. सुरुवातीला तिचा जोर पुरेपूर असतो. छोट्या विमानांच्या पेट्रोल इंजिनांत आजही मॅग्नेटो दिसतो, कारण बॅटरी निकामी झाली तरी तो ठिणगी देत राहतो. मोटारीत मात्र बॅटरीच जिंकली.

डेटनची जुळणी

अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन येथे चार्ल्स केटरिंग हे अभियंते गल्ला मोजण्याच्या यंत्रांवर काम करीत होते. १९०९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह 'डेल्को' कंपनी उभी केली. कंपकाच्या सततच्या फडफडीऐवजी, हवी तेव्हा एकच नेमकी ठिणगी पाडावी, ही त्यांची दिशा होती. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्यांची पूर्ण जुळणी आली. इंजिन चालू असताना बॅटरी भरली जाई आणि तीच बॅटरी दिवे, ठिणगी आणि स्वयंचलित सुरुवात या तिन्ही गोष्टींना वीज पुरवी. बॅटरी भरण्याची सोय झाली आणि मॅग्नेटोची गरज संपली.

पुढची साठेक वर्षे जगातील बहुतेक पेट्रोल मोटारी याच धाटणीवर चालल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणारी फियाट (म्हणजे पुढची 'पद्मिनी') आणि हिंदुस्तान मोटर्सची पेट्रोल अँबॅसेडर यांच्या बॉनेटखालीही हीच जुळणी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली.

तिचे काम असे चालते. बॅटरीतून निघालेला प्रवाह कॉइलच्या प्राथमिक कुंतलातून पॉइंटांकडे जातो. पॉइंट मिटलेले असेपर्यंत कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि द्वितीयक कुंतलात दहा-वीस हजार व्होल्टचा दाब उसळतो. डिस्ट्रिब्युटरमधील फिरता रोटर तो दाब पाळीपाळीने प्रत्येक प्लगला पोचवतो.

इथे एक अडचण राहते. पॉइंट उघडू लागले की प्रवाह सहजासहजी तुटत नाही. फटीतून ठिणगीच्या रूपाने तो वाहतच राहतो. म्हणजे क्षेत्र सावकाश कोसळते आणि प्लगला ठिणगी मिळत नाही. इपोलित फिझो यांनी १८५३ साली रुमकॉर्फ कॉइलमधील याच दोषावर उपाय सुचवला होता. तुटणाऱ्या जागेला समांतर एक कंडेन्सर जोडायचा. फट रुंदावेपर्यंत प्रवाह कंडेन्सर भरण्यात गुंततो आणि पॉइंटांवरची ठिणगी मरते. मोटारीतील बोटाएवढा कंडेन्सर हा त्याचाच वारसा आहे.

आता वेगाचा हिशेब मुलांकडून करून घ्या. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. मिनिटाला ३००० फेरे असतील तर मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. तेवढ्याच वेळा पॉइंट उघडतात आणि मिटतात. एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात. मिश्रण जळायला २ मिलिसेकंद लागतात असे धरले, तरी तेवढ्यात दांडा ३६ अंश फिरून जातो. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. वेग वाढेल तशी ती आणखी अलीकडे आणावी लागते. मॉडेल टी चा चालक जे हाताने करी, ते डिस्ट्रिब्युटरमधील फिरती वजने आपोआप करू लागली.

बिघाड शोधण्याची रीत

गाडी बंद पडली. पहिला प्रश्न बेर्टाबाईंचाच: पेट्रोल की ठिणगी? चालता चालता दिवा विझावा तसे इंजिन एकदम थांबले, तर संशय विजेवर जातो. आचके देत, दम लागल्यासारखे थांबले तर पेट्रोलवर. पण हा संशय आहे, निकाल नव्हे. उन्हाळ्यात अर्धा तास चालून गाडी थांबते आणि निवल्यावर पुन्हा सुरू होते. तापलेल्या कॉइलमधील दोषाने असे होते आणि नळीतच पेट्रोलची वाफ झाल्यानेही होते. गाडी थांबलेली असतानाच ठिणगी तपासली तरच दोन्हींतला फरक कळतो. निवल्यावर तपासली तर दोघेही निर्दोष दिसतात.

ठिणगी पाहण्यासाठी जादा प्लग तारेला जोडून त्याचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवतात आणि इंजिन फिरवतात. पेट्रोल सांडलेले नसावे, तार कोरड्या विद्युतरोधक पकडीत धरावी आणि हे काम जाणत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. निळसर, कडक ठिणगी पडली तर विजेची वाट ठीक आहे. पिवळट, अशक्त पडली किंवा पडलीच नाही, तर शोध पुढे चालू.

इथे अनुभवी मेकॅनिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक भाग तपासत बसत नाही. तो वाट मधोमध तोडतो. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी मधली जाड तार काढून तिथली ठिणगी पाहतो. तिथे ठिणगी आहे, पण प्लगवर नाही, तर दोष टोपी, रोटर किंवा प्लगच्या तारांत. पावसाळ्यात ओलसर टोपीच्या आतून वीज भलत्याच वाटेने पळते. कधी तिने कोरलेली कोळशाची बारीक रेघही दिसते. तिथेच ठिणगी नसेल, तर दोष अलीकडे: बॅटरी, स्विच, कॉइल, पॉइंट किंवा कंडेन्सर.

मग चाचणीचा लहान दिवा येतो. तो कॉइलच्या पॉइंटांकडील टोकाला आणि गाडीच्या अंगाला जोडून इंजिन फिरवले, की तो मिणमिणत उघडझाप करायला हवा. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत, बहुधा मळ किंवा काजळी आहे. सतत विझलेला राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर आतून जुळून गेला आहे किंवा मुळात वीजच येत नाही. पॉइंटांवर लखलखाट दिसला आणि प्लगवर ठिणगी दुबळी असली, तर संशय कंडेन्सरवर. फिझो यांनी ज्यावर उपाय केला, तोच दोष पुन्हा डोके वर काढतो.

दरवेळी उरलेली शंका निम्मी करत गेले, तर आठ भागांतील एक सदोष भाग तीन चाचण्यांत सापडतो. एकेक तपासत गेले तर सात चाचण्या लागू शकतात. आणखी एक पथ्य आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर एकदम बदलून गाडी सुरू झाली, तर गाडी सुरू होते, पण कारण कळत नाही. प्रयोगशाळेत एका वेळी एकच चल बदलायला आपण शिकवतो, ते हेच.

चुकीचा आरोपी

या रीतीची परीक्षा एकदा खुद्द केटरिंग यांच्या बाबतीत झाली. नव्या गाड्यांची इंजिने चढावर जोर लावताना आतून हातोडी मारल्यासारखी ठोकू लागली. याला इंग्रजीत 'नॉकिंग' म्हणतात. बोट लगेच केटरिंग यांच्या बॅटरीच्या प्रज्वलनाकडे गेले. नवी यंत्रणा आली आणि आवाज सुरू झाला, तेव्हा दोष तिचाच, असा तर्क होता.

केटरिंग यांनी १९१६ साली आपल्याकडे आलेल्या टॉमस मिजली या तरुण अभियंत्याला हे काम दिले. मिजली यांनी सिलिंडरमधील दाबाची नोंद घेतली आणि दाबाची उसळी ठिणगीनंतर, ज्वलन सुरू झाल्यावर येते असे दाखवले. ठिणगी निर्दोष ठरली. ज्योत पोचण्याआधीच टोकाकडचे मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटते, त्याचा हा आवाज असतो. म्हणजे दोष इंधनाचा होता. निदान अचूक होते.

मग औषधाचा शोध सुरू झाला. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग परिणामकारक असल्याचे आढळले. हजार भाग पेट्रोलला एक भागही लागत नसे. अल्कोहोल मिसळूनही ठोकणे कमी होते हे त्या काळी माहीत होते, पण त्याचे प्रमाण मोठे लागे आणि त्याचे पेटंटही घेता येत नव्हते. १९२३ साली डेटनमध्येच शिसेयुक्त पेट्रोल विकायला आले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग बनवणारे कामगार शिशाच्या विषबाधेने दगावले. तरीही ते विकले जात राहिले. गंमत अशी, की शिशाची पुटे प्लगवर बसून ठिणगीच बिघडवू लागली. ती घालवण्यासाठी पेट्रोलमध्ये ब्रोमीनचे संयुग टाकावे लागले. परिणामी इंजिनातले शिसे धुराबरोबर बाहेर हवेत गेले, आणि तेथून रस्त्याकडेला खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात.

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ साली शिसे थांबवले. प्रदूषणाच्या नियमांनी पॉइंटांनाही हटवले. घासणारे, झिजणारे पॉइंट ठिणगीची वेळ हळूहळू चुकवतात आणि अर्धवट जळलेला धूर वाढतो. १९७० च्या दशकात अमेरिकेतील गाड्यांत त्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आणि कालांतराने सगळीकडेच घेतली.

केटरिंग आणि मिजली यांनी बिघाड कोठे आहे हे बरोबर शोधले. उपाय निवडताना मात्र त्यांची तपासणी सिलिंडरपाशी थांबली. धुराच्या नळीपलीकडे काय होईल, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारूनही बाजूला पडला.

वर्गात करून पाहण्यासाठी

मोटारीची कॉइल वर्गात आणू नये, तिचा झटका धोक्याचा असतो. विजेची घंटा मात्र बहुतेक शाळांत असते. अंधाऱ्या खोलीत ती दोन-तीन कोरड्या घटांवर वाजवून स्क्रूच्या टोकापाशी पाहा. बारीक निळी ठिणगी दिसेल. घंटा बंद करून, निदान ४०० व्होल्टचा सुमारे ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्या संपर्काला समांतर जोडा आणि पुन्हा वाजवा. घंटा चालू असताना उघड्या तारांना हात लावू नये. ठिणगी मंदावलेली दिसेल. का मंदावली, आणि मंदावलेल्या ठिणगीची ऊर्जा गेली कुठे, हे मुलांनाच विचारा. उत्तर देण्याची घाई करू नका.